लिहिणं आटलंय, नोकरी सोडू का?

वाचक लिहितात : कॉलेजात असताना मी पुण्यात तीन वर्षं एकांकिका लिहिल्या. त्यातली एक पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेली होती. तेव्हा एका रात्रीत प्रवेश लिहून व्हायचा. आज मी अडतीस वर्षांची आहे, बँकेत अधिकारी आहे, बदली होऊन सांगलीत आलेय. एका दोन अंकी नाटकाचा विषय कधीचा डोक्यात आहे. रात्री मुलगी झोपली की लॅपटॉप उघडते, पान-दीड पान लिहिते, दुसऱ्या दिवशी वाचलं की लाज वाटते आणि पुसून टाकते. नवऱ्याला वाचायला दिलं तर तो 'छान आहे' म्हणतो. पहाटे चारला उठून लिहायचं ठरवलं, तेही टिकलं नाही. सारखं वाटतं, जे होतं ते तेवढंच होतं, संपलं. वर्षभर बिनपगारी रजा घेऊ का? नोकरीच सोडू का? की हा नादच सोडून देऊ?

उत्तर :

नमस्कार,

सरळ उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं वाचताना जिवाला घोर राहणार नाही. नोकरी सोडू नका. वर्षाची रजाही आत्ता नको. नाटक मात्र सोडायचं नाही. असं का म्हणते ते जरा सविस्तर सांगते, कारण ते पटलं नाही तर सल्ला चार दिवसांत विरून जाईल.

'जे होतं ते तेवढंच होतं' हे तुमचं वाक्य मला फार लागलं. त्यात असं गृहीत धरलंय की लिहिण्याची ताकद तुमच्या आत कुठेतरी साठवलेली होती आणि ती खर्च झाली. आपण बोलतोही तसंच. कुणाला देणगी असते, कुणाचा झरा आटतो. पण तुमच्याच पत्राचा जो भाग जागेअभावी वर छापता आला नाही, तो मी परत परत वाचला. त्यात तुम्ही लिहिलंय की लिहिलेला प्रवेश दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तालमीत वाचला जायचा. दिग्दर्शक मित्र निर्दयपणे काट मारायचा. एका नटाचं पाठांतर होत नव्हतं म्हणून त्याची लांब वाक्यं तुम्ही तोडून दिलीत, आणि त्या तुटक बोलण्यानेच ते पात्र उभं राहिलं. डोक्यावर स्पर्धेची तारीख होती. मग सभागृहात 'अरे, आवाज कुणाचा' म्हणत बेंबीच्या देठापासून ओरडणारी पोरं होती.

आता मला सांगा, त्या एकांकिका कुणी लिहिल्या? तुम्हीच लिहिल्या, यात शंका नाही. पण तुमच्याभोवती एक अख्खी व्यवस्था कामाला लागलेली होती आणि तुम्ही तिचा एक भाग होता. कॉलेज संपलं तेव्हा ती व्यवस्था मोडली. बाकीचे भाग निघून गेले, तुम्ही एकट्या उरलात, आणि आता सगळ्याचा दोष स्वतःच्या माथी घेताय.

हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. मिहाय चिक्सेंतमिहाय या हंगेरियन वंशाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली एका निबंधात प्रश्नच बदलला. सर्जनशीलता म्हणजे काय, असं सगळे विचारत होते. त्याने विचारलं, ती असते कुठे? त्याचं उत्तर असं की ती एकट्या माणसाच्या डोक्यात नसते. तीन गोष्टींच्या ये-जा करण्यातून ती घडते. एक, त्या कलेची परंपरा, म्हणजे तिचे नियम, तिचे घाट, आधी झालेलं काम. दोन, जाणकारांचं वर्तुळ, म्हणजे दिग्दर्शक, परीक्षक, संपादक, समीक्षक, नव्यातलं काय ठेवायचं आणि काय नाही हे ठरवणारी माणसं. आणि तीन, स्वतः ती व्यक्ती. परंपरेतून व्यक्ती उचलते, त्यात काही बदल करते, वर्तुळ तो बदल स्वीकारतं किंवा नाकारतं, स्वीकारलेलं पुन्हा परंपरेत जमा होतं आणि पुढच्या माणसाला मिळतं. यातला एक दुवा तुटला तरी सगळं थांबतं, आणि थांबलेलं दिसतं मात्र त्या व्यक्तीच्या ठायी.

तुमचा तुटलेला दुवा मला स्पष्ट दिसतोय. तो वेळेचा नाही. लिहिलेल्या पानाकडून तुमच्याकडे परत काही येतच नाही, हा तो दुवा.

व्यवस्थांचा अभ्यास करणारी माणसं प्रतिसादाइतकंच प्रतिसादाला होणाऱ्या उशिराला महत्त्व देतात. बाथरूममध्ये गिझरचं पाणी यायला वेळ लागतो तेव्हा आपण काय करतो? गरम येईना म्हणून नळ पूर्ण फिरवतो, मग चटका बसतो, मग घाईने उलटा फिरवतो, मग थंडगार. नळात बिघाड नसतो, गिझरही ठीक असतो. हालचाल आणि तिचा परिणाम यांच्यात अंतर पडल्यामुळे आपलाच हात वेड्यासारखा वागायला लागतो. कॉलेजात तुमच्या पानाचं उत्तर चोवीस तासांत यायचं, तेही नटाच्या तोंडून. वाक्य जड झालं की तो अडखळायचा आणि तुम्हाला तिथल्या तिथे कळायचं. आता नाटक पूर्ण होईल, कुणी वाचेल, कुणी बसवेल, तेव्हा कधीतरी उत्तर येणार. तोवर तुम्ही अंधारात नळ फिरवताय. आज वाटतं उत्तम, उद्या वाटतं भिकार, आणि पुसून टाकणं सुरू होतं.

त्यात आणखी एक गोष्ट झाली आहे. पूर्वी लिहिणारी एक होती आणि पारखणारे दुसरे होते. आता दोन्ही खुर्च्यांवर तुम्हीच बसता, तेही बारा तासांच्या आत. आणि पारखणारी जी तुम्ही आहात, ती कच्च्या पानाची तुलना कशाशी करते? अंतिम फेरीत रंगमंचावर उभ्या राहिलेल्या प्रयोगाशी. त्या प्रयोगावर कितीतरी जणांचे हात फिरले होते, तालमींचा घाम होता, प्रकाशयोजना होती, संगीत होतं. तुमच्याकडे त्या एकांकिकेची जुनी वही असेल तर ती काढा. स्पर्धेला दिलेली टाइप केलेली संहिता नको, पहिला हस्तलिखित खर्डा हवा. तो वाचल्यावर आजच्या पानांची लाज वाटायची नाही, असं मला मनापासून वाटतं. पण वही नसली तरी गणित तेच आहे. जितकं कमी लिहाल तितकं लिहिलेल्या प्रत्येक पानावरचं ओझं वाढतं, आणि ओझं वाढलं की लिहिणं आणखी कमी होतं. हे चक्र स्वतःच स्वतःला पोसतं. स्वभावाला दोष देऊन ते थांबत नाही.

तुमच्या यजमानांबद्दल दोन शब्द. ते 'छान आहे' म्हणतात यात प्रेम आहे, आणि त्या प्रेमाची किंमत मी कमी करत नाही. मात्र ग्रेगरी बेटसन या विचारवंताने माहितीची एक फार नेमकी ओळख करून दिली होती, की ज्या फरकाने पुढे फरक पडतो ती माहिती. प्रत्येक पानाला एकच उत्तर येत असेल तर त्यात फरकच नाही, म्हणून माहितीही नाही. त्यांना परीक्षक करू नका. त्यांच्याकडून दुसरी मदत घ्या, मुलीची एक संध्याकाळ पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवा. ती कुठे वापरायची ते पुढे सांगते.

आता रजेचा प्रश्न. डोनेला मेडोज या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर व्यवस्थांचा अभ्यास केला. एखादी व्यवस्था बदलायची तर हात कुठे घालावा, याची एक क्रमवार यादी त्यांनी १९९९ मध्ये मांडली. त्यात सगळ्यात तळाला, म्हणजे सगळ्यात दुबळी जागा म्हणून, त्यांनी आकडे ठेवले. इतके तास, इतके रुपये, इतकं प्रमाण. आपण पहिल्यांदा हात घालतो तो नेमका तिथेच. माहिती कुणाकडून कुणाकडे जाते, नियम काय आहेत, उद्दिष्ट काय आहे, या जागा वरच्या. पहाटे चारचा गजर म्हणजे आकडा. बिनपगारी रजा म्हणजे मोठा आकडा. समजा, दिवसाचे आठ तास हाती आले. परत येणारं उत्तर तरीही शून्यच राहणार असेल, तर तुम्ही रोज दीडऐवजी दहा पानं पुसाल. शिवाय पगार थांबल्याची धास्ती त्या पानांवर येऊन बसेल. त्या धास्तीपोटी कुणी बरं लिहिल्याचं मला फारसं दिसलेलं नाही. उपाशी कलावंताच्या कथा आपण फार कौतुकाने सांगतो, ते थांबवायला हवं.

तुम्ही लिहिता की सांगलीत काही घडत नाही, पुण्यात असते तर गोष्ट वेगळी होती. इथे मला थोडं भांडू द्या. एक तर ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं आणि मराठी नाटकाला सुरुवात झाली, तिथे बसून तुम्ही हे म्हणताय. पण इतिहासाचा दाखला देऊन आजची संध्याकाळ भरत नाही, हे मलाही कळतं. म्हणून लांबचं उदाहरण देते, चार्ल्स डार्विनचं. हॉवर्ड ग्रूबर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने डार्विनच्या वह्या पानापानाने वाचल्या आणि १९७४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. लोकप्रिय गोष्ट अशी सांगितली जाते की १८३८च्या शरदात डार्विनने माल्थस या अर्थतज्ज्ञाचा लोकसंख्येवरचा निबंध वाचला आणि विजेसारखी नैसर्गिक निवडीची, म्हणजे परिस्थितीला जुळणारे जीव टिकतात ही, कल्पना सुचली. वह्या वेगळंच सांगतात. तो १८३७ पासून चाचपडत होता, अर्धवट कल्पना मांडत होता, सोडून देत होता, पुन्हा तिथेच येत होता. सुचणं हा क्षण कमी आणि वाढणारी, बदलणारी रचना जास्त, असं ग्रूबरला दिसलं. डार्विनचं एका वेळी एकच काम कधी चालू नसे. कामांचं एक जाळं होतं, एक अडलं की दुसरं पुढे सरके. १८४६ पासून आठ वर्षं हा माणूस बार्नेकल या समुद्री जिवांवर काम करत बसला होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, संपला हा.

आणि तो राहायचा कुठे? केंटमधल्या डाउन नावाच्या खेड्यात, बहुतेक काळ आजारी. लंडनच्या बैठकांना त्याचं जाणं क्वचितच होई. पण पत्रं! त्याची जी पत्रं सापडली आहेत, आलेली आणि गेलेली मिळून, ती पंधरा हजारांच्या घरात आहेत. कबुतरं पाळणारे, माळी, दूरदेशीचे निसर्गतज्ज्ञ, सगळ्यांना तो प्रश्न विचारायचा आणि उत्तरं यायची. गाव लहान होतं, त्याचं वर्तुळ लहान नव्हतं. तरीसुद्धा मोठा ग्रंथ रेंगाळलाच होता. जून १८५८ मध्ये आल्फ्रेड वॉलेस या निसर्गतज्ज्ञाचं पत्र आलं, त्यात जवळपास तोच सिद्धांत होता, तेव्हा कुठे धावपळ झाली आणि नोव्हेंबर १८५९ मध्ये पुस्तक बाहेर पडलं. त्यालासुद्धा बाहेरून ढकलावं लागलं. तुम्हाला स्पर्धेची तारीख लागायची यात कमीपणा वाटून घेऊ नका.

कुणी म्हणेल, बहिणाबाईंना कुठे होती तारीख आणि कुठे होतं वर्तुळ? हा आक्षेप मी फार गांभीर्याने घेते, कारण या सगळ्या सिद्धांताची खरी परीक्षा तिथेच होते. जळगावजवळच्या असोद्याची ही बाई लिहिता-वाचता येत नसताना अशी कविता रचते, म्हणजे हे आतूनच आलं असणार, नाही का? पण नीट पाहा. ओवीची पिढ्यान् पिढ्यांची परंपरा त्यांच्या कानात होती. जात्यावर, शेतात, घरकाम करताना त्या गात, म्हणजे गाणं जन्मताच आवाजात उतरे आणि ऐकणारं कुणीतरी जवळ असे. रचणं आणि ऐकवणं यांत अंतरच नव्हतं. तुमच्याकडे आज नेमकं हेच नाही.

गोष्टीची दुसरी बाजू मात्र मला अस्वस्थ करते. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, त्याने उतरवून ठेवलेली गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. साहित्याच्या जगाने त्यांना ओळखलं ते त्या गेल्यावर. चिक्सेंतमिहायचं म्हणणं टोकाला नेलं तर वर्तुळाने मान्य करेपर्यंत सर्जन झालंच नाही असं म्हणावं लागेल. मी ते मानत नाही. गाणं होतंच. आंधळं होतं ते वर्तुळ. ज्यांच्या घरी सोपानदेव नव्हता अशा किती बायकांची गाणी जात्याबरोबरच थांबली असतील, हा विचार मनातून जात नाही. हा सिद्धांत मला पटतो तो याच कारणासाठी, की काही निर्माण झालं नाही याचा जाब तो फक्त निर्मात्याला विचारत नाही.

आणि वर्तुळ चुकतं, कठोर होतं, कधी वाटही अडवतं. २०२२ मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच न देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा केवढा वाद झाला हे तुम्हाला आठवत असेल. १९७२ च्या डिसेंबरात पुण्याच्या पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या नाट्यसंस्थेने तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' उभं केलं आणि लवकरच संस्थेतूनच त्याच्या प्रयोगांना विरोध झाला. त्या कलाकारांनी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकादमी काढली आणि प्रयोग चालू ठेवले. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने १९७४ पासून जे घडवलं तेही याच जातीचं. व्यावसायिक नाट्यगृहाचा खर्च डोक्यावर नाही, प्रेक्षक मोजके पण समोरच बसलेले, त्यामुळे फसलेला प्रयोग कुणाला बुडवत नव्हता आणि चुकलं कुठे ते त्याच रात्री कळत होतं. वर्तुळ मिळालं नाही तर ते उभारता येतं, हे आपल्याच रंगभूमीने वारंवार करून दाखवलंय. त्याला मोठी संस्था लागत नाही.

तर तुम्ही करायचं ते असं. तीन माणसं शोधा. एक, ज्याला बोलता येतं, म्हणजे वाक्य तोंडात बसतं की नाही हे ज्याला कळतं. सांगलीत राज्य नाट्य स्पर्धेसाठी दरवर्षी तालमी करणारी हौशी मंडळी आहेत, भावे नाट्यमंदिरात जाऊन दोन प्रयोग पाहा, नंतर थांबा, बोला, असा माणूस सापडतो. दुसरा, भरपूर वाचणारा. तिसरा असा की ज्याचा नाटकाशी काही संबंध नाही आणि जो तुम्हाला खूश करायच्या भानगडीत पडणार नाही. शेजारच्या टेबलवरची सहकारी चालेल. महिन्यातली एक संध्याकाळ ठरवा, तीच संध्याकाळ यजमानांनी सांभाळायची. दहा पानं, तुम्ही स्वतः वाचायची नाहीत, दुसऱ्यांनी मोठ्याने वाचायची. तुम्ही फक्त ऐकायचं आणि वाचणारा कुठे अडखळला तिथे पेन्सिलने खूण करायची. व्हॉट्सअॅपवर पानं पाठवून अंगठे गोळा करू नका, त्यातून तुम्हाला काही कळणार नाही.

दोन बैठकांच्या मधल्या काळात एकच नियम पाळा. पुसायचं नाही. खोडायचं असेल तर आडवी रेघ मारा, पण शब्द दिसला पाहिजे. पारखणारीची खुर्ची महिनाभर रिकामी ठेवायची आहे.

आणि डार्विनसारखं, दुसरं एक लहानसं काम हाताशी असू द्या. मोठं नाटक अडलं की दहा मिनिटांचा एखादा प्रवेश, आकाशवाणीच्या श्रुतिकेच्या धाटणीचा, दोनच पात्रांचा. त्याला पुढे काही व्हायची गरज नाही.

आयुष्यात काही घडत नाही, असंही तुम्ही लिहिलंय, आणि त्याच पत्रात पुढे आहे की तुम्ही सोनेतारण कर्जाचं काम बघता. दागिना काउंटरवर ठेवताना माणसं काय बोलतात, काय बोलायचं टाळतात, सोबत कोण आलेलं असतं, कोण बाहेर गाडीवरच थांबतं, हे तुम्ही रोज बघता. २०१९ च्या महापुरानंतर ज्या गावातली घरं पुन्हा उभी राहिली, त्या गावातलं हे टेबल आहे. ग्राहकांची गोपनीयता कसोशीने पाळा, कुणालाही ओळखता येईल असं काही लिहू नका. पण बोलण्याची लय, थांबे, अर्धी सोडलेली वाक्यं तुमच्या कानात जमा होतायत, आणि नाटककाराला याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही. नोकरी सोडू नका म्हणाले त्याचं हे दुसरं कारण. कॉलेजात हा साठा तुमच्याकडे नव्हता.

सहा महिन्यांनी, पाच-सहा बैठका झाल्यावर, मला पुन्हा लिहा. तेव्हा पहिला अंक झाला असेल आणि दुसऱ्यासाठी सलग वेळ लागतोय असं दिसलं, तर महिनाभराच्या रजेचा विचार करू. तेव्हा त्या रजेत काय करायचं हे तुम्हाला माहीत असेल.

पहिली बैठक दिवाळीच्या आत ठेवा आणि तारीख आजच तिघांना कळवा, पानं तयार नसली तरी. वाचून झालं की 'कसं वाटलं' असं विचारू नका, भिडेखातर सगळे चांगलंच म्हणतील. 'कंटाळा कुठे आला' असं विचारा, आणि उत्तर मिळालं की बचाव न करता लिहून घ्या.